गरोदरपणातील पोटाचे माप आणि बाळाची वाढ : सेंटिमीटर वाचण्याआधी तारीख तपासावी

सातवा महिना लागला की गरोदर स्त्रीच्या पोटाविषयी प्रत्येकाला मत असते. डोहाळजेवणाला आलेली एखादी म्हणते, ‘पोट फारच लहान दिसते’. दुसरी म्हणते, ‘जुळे तर नाही ना?’ दवाखान्यात मात्र परिचारिका एक साधी फीत पोटावर धरते, आकडा वाचते आणि कार्डावर नोंदवते. तीस, बत्तीस, चौतीस. त्या आकड्याचा अर्थ बहुतेक घरांत कोणी विचारत नाही, आणि दवाखान्याच्या गर्दीत तो सांगायलाही कोणाला वेळ नसतो.

हा आकडा एकटा असताना काहीच सांगत नाही. गर्भ किती आठवड्यांचा आहे, या माहितीशी ताडून पाहिल्यावरच त्याला अर्थ येतो. आठवड्यांचा हिशेब चुकला असेल, तर अचूक घेतलेले मापही चुकीचे उत्तर देते: निरोगी बाळाची उगाच काळजी वाटते, किंवा वाढ खुंटलेल्या बाळाकडे कोणाचे लक्षच जात नाही. यांतली दुसरी चूक अधिक घातक. ही चूक कशी घडू शकते, हे समजून घ्यायला उज्जैनसारखे शहर सोयीचे आहे. कारण तेथे मराठी आणि माळवी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत, आणि दोघांच्या पंचांगांत महिन्याच्या अर्ध्या भागाची नावे जुळत नाहीत.

माप घेण्याची रीत

दवाखान्यात मोजली जाते ती पोटाची गोलाई नव्हे, तर गर्भाशयाच्या माथ्याची उंची. ओटीपोटाच्या तळाशी, दोन्ही जांघांच्या मधोमध, एक हाड हाताला लागते. त्या हाडाच्या वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या सर्वांत वरच्या बिंदूपर्यंतचे अंतर पोटाच्या उंचवट्यावरून फीत धरून मोजायचे. डॉक्टर आणि परिचारिका याला सरसकट ‘फंडल हाइट’ म्हणतात.

मोजण्यापूर्वी स्त्रीने लघवीला जाऊन यावे, ही अट क्षुल्लक वाटते. पण भरलेल्या मूत्राशयामुळे माप दोन-तीन सेंटिमीटरने वाढू शकते. स्त्री उताणी झोपते, पाय सरळ ठेवते. तपासणारी व्यक्ती छातीच्या हाडाकडून हाताची कडा हळूहळू खाली आणत गर्भाशयाचा माथा शोधते. गर्भाशय बहुधा किंचित उजवीकडे कललेले असते, ते आधी मध्यावर आणावे लागते. फीत न ताणणारी हवी; शिवणकामाची जुनी, सैल झालेली फीत नको. चांगल्या केंद्रांत फितीची आकडे असलेली बाजू खाली ठेवतात आणि शेवटी उलटून वाचतात. आकडे डोळ्यांपुढे असले की बोट नकळत अपेक्षित जागी जाऊन थांबते. हा माणसाच्या मनाचा दोष आहे, कौशल्याचा नव्हे.

फीत नसतानाही अंदाज बांधता येतो, आणि खेड्यांतल्या अनुभवी परिचारिका तो बोटांनी बांधत आल्या आहेत. बाराव्या आठवड्यात गर्भाशय जेमतेम ओटीपोटाच्या हाडावर येते. विसाव्यात ते बेंबीच्या थोडे खाली असते आणि चोविसाव्यात बेंबीशी पोहोचते. छत्तिसाव्यात ते छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाला टेकते. या सुमारास अनेक स्त्रियांना धाप लागते आणि थोडे खाल्ले तरी पोट भरते. चाळिसाव्या आठवड्याकडे माथा पुन्हा खाली उतरतो. बाळाचे डोके कटीत शिरलेले असते, विशेषतः पहिलटकरणीत. ‘पोट उतरले’ असे जुन्या बायका म्हणतात ते हेच. या टप्प्यावर माप एक-दोन सेंटिमीटरने घटले, म्हणून बाळ आटले असे समजण्याचे कारण नाही.

आठवडे आणि सेंटिमीटर

चोविसाव्यापासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोनाचा फरक इकडे किंवा तिकडे चालेल, असा ढोबळ नियम सर्वत्र शिकवला जातो. तिसाव्या आठवड्यात २८ ते ३२ सेंटिमीटर असले की ठीक. तीन किंवा अधिक सेंटिमीटरचा फरक पडला की कारण शोधायचे.

या नियमाचे मूळ १९०६ मध्ये अमेरिकेतील डॉ. एलिस मॅकडोनाल्ड यांनी सुचवलेल्या मापनात आहे. मात्र त्यांचा हिशेब आजच्यासारखा नव्हता. त्यांच्या नियमानुसार सेंटिमीटरना साडेतीनाने भागले की गर्भाचे महिने मिळतात. हे महिने २८ दिवसांचे. पूर्ण दिवसांच्या गर्भाचे माप ३५ सेंटिमीटर आले की दहा महिने. म्हणजे मॅकडोनाल्ड यांच्या हिशेबाने २८ सेंटिमीटर हे ३२ आठवड्यांचे माप ठरते, तर आजच्या ढोबळ नियमाने २८ आठवड्यांचे. एकाच फितीवर दोन नियमांत चार आठवड्यांचा फरक! कुठल्या पट्टीने मोजले जात आहे, हे ठाऊक नसताना केवळ आकडा ऐकून घाबरणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही व्यर्थ आहे.

या गोंधळावर उपाय म्हणून निरोगी, सुपोषित स्त्रियांची मापे जगभरातून एकाच रीतीने गोळा करण्याचा मोठा प्रयत्न ‘इंटरग्रोथ-२१’ या प्रकल्पाने केला. ब्राझील, इटली, ओमान, ब्रिटन, अमेरिका, चीन, केनिया आणि भारत अशा आठ देशांतील एकेक शहर त्यात होते, आणि भारतातले शहर होते नागपूर. चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत साधारण दर पाच आठवड्यांनी मापे घेतली गेली. गुंतागुंत न होता प्रसूत झालेल्या ४,३२१ स्त्रियांच्या नोंदींवरून आलेख तयार झाला आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याची मधली रेषा आठवड्याच्या आकड्याच्या किंचित खालून जाते, आणि शेवटच्या महिन्यात हे अंतर वाढते. तेव्हा अडतिसाव्या आठवड्यात माप ३६ आले, म्हणून लगेच बाळ लहान ठरत नाही.

महिन्याचे नाव एक, दिवस वेगळा

उज्जैनच्या माता-बाल रुग्णालयाला चरकाचे नाव आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची वाढ महिन्यामहिन्याने वर्णिलेली आहे. आठव्या महिन्यात ओज मातेकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून मातेकडे ये-जा करते, असे तेथे मानले आहे. आठव्या महिन्यात पोरीला प्रवास घडवू नये, ही आजीची सक्तीही त्याच काळजीच्या जातकुळीतली. त्या विचारात वाढीचे एकक महिना आहे. आजच्या प्रसूतिशास्त्राने मात्र आठवडा हे एकक स्वीकारले आहे, कारण शेवटच्या तिमाहीत एका महिन्यात बाळात फार मोठा फरक पडतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण एक किलोचे बाळ बत्तिसाव्यात पावणेदोन किलोच्या आसपास असते आणि छत्तिसाव्यात अडीच किलोच्या. महिन्याची चूक म्हणजे पाऊण किलोची चूक.

आठवडे मोजले जातात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. हा दिवस इंग्रजी तारखेने लक्षात ठेवणाऱ्या स्त्रिया आज पुष्कळ आहेत. तरी सण आणि तिथीच्या आधाराने सांगणाऱ्याही कमी नाहीत. ‘महाशिवरात्रीला पाळी आली होती’ असे उत्तर मिळाले तर अडचण नाही. सण दोन्हीकडे एकाच दिवशी असतो. पंचाईत होते ती महिन्याचे नाव आणि पक्ष सांगितला गेला की.

मराठी, गुजराती आणि गोमंतकीय पंचांगांत महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत, माळव्यासह, तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हींची नावे जुळतात, वद्य पक्षात उत्तरेचे नाव एक महिना पुढे असते. म्हणूनच महाशिवरात्र मराठी घरात माघ वद्य चतुर्दशी असते आणि माळव्यात ‘फागुन बदी चौदस’. रात्र तीच, महाकाल तोच, महिन्याचे नाव मात्र निराळे.

राणोजी शिंद्यांपासून उज्जैन शिंद्यांची राजधानी होती. १८१० मध्ये दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला हलवली. महाकालेश्वराच्या आजच्या मंदिराचा जीर्णोद्धारही राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांच्याकडे जातो. त्या काळापासून तेथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे घरात मराठी पंचांग लावतात आणि बाजारात माळवी महिने ऐकतात. सून माळवी आणि सासू मराठी असेल, किंवा उलट, तर एकाच तिथीचे दोन अर्थ निघण्याची सोय घरातच असते.

समजा, एका स्त्रीची शेवटची पाळी २०२५ च्या महाशिवरात्रीला, म्हणजे २६ फेब्रुवारीला, सुरू झाली. माहेरच्या सवयीने तिने सांगितले ‘फागुन बदी चौदस’. ऐकणाऱ्याने मराठी दिनदर्शिका उघडली आणि फाल्गुन वद्य चतुर्दशी शोधली. ती निघाली २८ मार्चला. तीस दिवसांचा फरक. खऱ्या तारखेने १ ऑक्टोबरला तिचे बरोबर ३१ आठवडे भरतात. चुकीच्या तारखेने २७ सुद्धा भरत नाहीत.

आता फीत लावली. माप ३१ आले, तर कार्डावरच्या तारखेप्रमाणे ते चार सेंटिमीटरने जास्त. जुळे आहे का, पाणी जास्त आहे का, साखर वाढली आहे का, अशा शंका, तपासण्या आणि धावपळ सुरू होते. त्रास होतो, पण जीव धोक्यात येत नाही. माप २७ आले तर? कार्डावर सारे आलबेल दिसते. ‘वाढ चांगली आहे’ असे सांगून तिला घरी पाठवले जाते, आणि प्रत्यक्षात चार सेंटिमीटरने मागे पडलेले बाळ पोटात उपाशी राहते. बाळंतपणाची अपेक्षित तारीखही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याऐवजी जानेवारीत जाते. म्हणजे पूर्ण दिवस उलटून गेल्यावरही घरचे लोक ‘अजून महिना आहे’ म्हणत थांबतात.

अधिक महिन्याने यात आणखी भर पडते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. तो अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच असल्याने दोन्ही पद्धतींत एकाच वेळी येतो, एवढे बरे. पण ‘चैत्र, वैशाख, ज्येष्ठ’ अशी नावे बोटांवर मोजणाऱ्याचा एक महिना त्यात हरवतो.

ही अडचण उज्जैनपुरती नाही. गोव्यातल्या बांधकामांवर, मासेमारीच्या धक्क्यांवर आणि हॉटेलांत उत्तरेकडून आलेली असंख्य कुटुंबे राबतात. त्यांतली गरोदर स्त्री म्हापशाच्या किंवा वास्कोच्या आरोग्य केंद्रात ‘बदी’ची तिथी सांगते तेव्हा तेथली परिचारिका भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेकडेच पाहणार. तिथी सांगणारी स्त्री मूळची कुठली, हा प्रश्न त्या वेळी विचारायला हवा.

तारखेची खात्री

उपाय साधा आहे. शेवटच्या पाळीची तारीख इंग्रजी दिनदर्शिकेत घरीच खूण करून ठेवावी. तिथीच आठवत असेल तर जवळचा सण, बाजाराचा दिवस, लग्नकार्य यांच्या आधाराने तारीख पक्की करून मगच कार्डावर लिहावी. अपेक्षित तारीख काढण्याची रीत अशी: पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. वरच्या उदाहरणात २६ फेब्रुवारीत नऊ महिने मिळवून २६ नोव्हेंबर, आणि सात दिवसांनी ३ डिसेंबर. पाळी अनियमित असेल, किंवा अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर हा हिशेब चालत नाही.

त्यासाठी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी महत्त्वाची. या काळात बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून पाच-सात दिवसांच्या फरकाने वय सांगता येते. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून निदान एक सोनोग्राफी चोविसाव्या आठवड्यापूर्वी करावी असे सांगते, त्यामागचे एक कारण हेच आहे. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचे वय मात्र तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते. लहान राहिलेल्या बाळाला ती ‘कमी वयाचे’ ठरवते, आणि ज्याची शंका घ्यायची तेच झाकले जाते. म्हणून आधी पक्की झालेली तारीख शेवटच्या सोनोग्राफीवरून बदलू नये. ‘डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली’ असे घरात बोलले जाते तेव्हा पहिल्या सोनोग्राफीचा कागद काढून दाखवावा.

एका आकड्यापेक्षा चढती रेषा

दोन स्त्रियांची उदाहरणे घेऊ. दोघींचे चौतिसाव्या आठवड्यातले माप ३२ सेंटिमीटर. पहिलीच्या आधीच्या नोंदी अठ्ठाविसाव्या आठवड्यात २६ आणि एकतिसाव्यात २९. ती सुरुवातीपासूनच दोनाने कमी आहे, पण दर आठवड्याला एका सेंटिमीटरने नेमाने चढते आहे. बांधा लहान, उंची कमी, बाळही तसेच. बहुधा सारे ठीक. दुसरीच्या नोंदी २९, ३१ आणि आता ३२. नियमात दोनाचा फरक चालतो, म्हणून तिलाही ‘ठीक’ म्हटले जाईल. पण शेवटच्या तीन आठवड्यांत तिचे माप एकाच सेंटिमीटरने वाढले आहे. रेषा आडवी होऊ लागली आहे. सोनोग्राफीची गरज दुसरीला आहे.

म्हणून मागच्या नोंदी कार्डावर असणे, आणि शक्यतो त्याच व्यक्तीने माप घेणे, याला महत्त्व आहे. दोन हातांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) चार किंवा अधिक वेळा प्रसूतिपूर्व तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण गोव्यात सुमारे ९३ टक्के होते, तर मध्य प्रदेशात सुमारे ५८ टक्के. ज्या स्त्रीची तपासणी एकदा-दोनदाच झाली, तिच्या कार्डावर रेषा उमटतच नाही. एखादा ठिपका तेवढा असतो.

माप कमी का येते, जास्त का येते

कमी येण्याचे सर्वांत सामान्य कारण चुकलेली तारीख. त्यानंतर बाळ आडवे असणे. तेव्हा पोट रुंद दिसते आणि माथा खाली राहतो. गर्भजल कमी असणे हे आणखी एक. आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते म्हणजे गर्भाची वाढ खुंटणे.

वाढ खुंटण्यामागे बहुतेक वेळा वारेतून बाळाला पुरेसे रक्त न पोहोचणे हे कारण असते. आईचा रक्तदाब, रक्तक्षय, तंबाखू आणि मशेरी, चुलीचा धूर, दीर्घकाळचे कुपोषण हे सारे त्याला हातभार लावतात. प्रत्येक लहान बाळ आजारी असते असे नाही. एकाच वयाच्या शंभर बाळांना वजनाच्या क्रमाने उभे केले, तर पहिली दहा ‘वयाच्या मानाने लहान’ ठरतात. त्यांतली काही केवळ आईवडिलांसारखीच लहान चणीची असतात. खुंटलेले बाळ कोणते आणि मुळातच लहान कोणते, हे फीत सांगू शकत नाही. त्यासाठी सोनोग्राफीत पोटाचा घेर आणि नाळेतील रक्तप्रवाह पाहावा लागतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावा लागतो.

‘आपल्याकडची बाळे लहानच असतात’ हे वाक्य दिलाशासाठी वापरले जाते. ते अर्धेच खरे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पुण्याच्या बाळांचे पोट आणि स्नायू बरेच लहान होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. वरून बारीक, आतून चरबीयुक्त अशा या ठेवणीचा संबंध पुढे मधुमेहाशी जोडला गेला. तेव्हा लहानपणा नेहमीचा असला, तरी तो निरुपद्रवी असतोच असे नाही. बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने शेवटच्या महिन्यांत मुद्दाम कमी जेवण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती सोडून द्यावी.

माप जास्त येण्याची कारणे: पुन्हा चुकलेली तारीख, जुळे, गर्भजल जास्त असणे, गर्भाशयातील गाठी, आईचा स्थूलपणा, आणि गरोदरपणातला मधुमेह. शेवटच्या कारणासाठी सरकारी दवाखान्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तातली साखर पाहतात; ती १४० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर उपचार सुरू होतात. ही तपासणी पहिल्याच भेटीत करायची असते, आणि ती ठीक आली तर चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा. उपाशीपोटीच असायला हवे असे नाही, त्यामुळे दूरच्या खेड्यातून आलेल्या स्त्रीलाही ती त्याच दिवशी करता येते.

जुळे असेल, मोठ्या गाठी असतील किंवा आईचे वजन फार जास्त असेल, तर फितीवर विसंबूच नये; थेट सोनोग्राफीने वाढ पाहावी.

फितीची मर्यादा

फितीविषयी फार मोठा दावा करण्याजोगा पुरावा नाही, हेही सांगितले पाहिजे. वेगवेगळ्या अभ्यासांत लहान बाळे ओळखण्याची तिची क्षमता २७ ते ८६ टक्के अशी कमालीची बदलती आढळली. मोजणारा, आलेख, तारीख, सगळ्यांवर ती अवलंबून. हातांनी पोट तपासणे आणि फितीने मोजणे यांची थेट तुलना करणारी, १,६३९ स्त्रियांची एकच चाचणी जागतिक आढाव्यात सापडली, आणि तीत फरक दिसला नाही. त्यामुळे जेथे जी पद्धत रूढ आहे ती सोडून दुसरी घ्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. तरीही फीत टिकून आहे. ती दहा रुपयांत मिळते, वीज लागत नाही, आणि पुढच्या तपासणीसाठी एक लेखी आकडा मागे ठेवते. हातांचा अंदाज कितीही मुरलेला असला, तरी तो बदली झालेल्या परिचारिकेसोबत निघून जातो.

मापावरून बाळाचे वजन काढण्याचे एक सूत्र दवाखान्यांत वापरले जाते: प्रसूतीच्या सुमारास सेंटिमीटरमधून १२ वजा करायचे आणि १५५ ने गुणायचे. ३४ सेंटिमीटरला उत्तर येते ३,४१० ग्रॅम. १९५४ मध्ये अमेरिकेत मांडलेले हे सूत्र भारतीय स्त्रियांत पुष्कळदा वजन जास्त दाखवते. सोनोग्राफीचे वजनही दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकते. अहवालातल्या ग्रॅमच्या आकड्यावर पैज लावू नये.

बेंबीच्या पातळीवरून घेतलेला पोटाचा घेर हे वेगळे माप आहे. तिसाव्या आठवड्यानंतर तो दर आठवड्याला सुमारे अडीच सेंटिमीटरने वाढतो आणि मध्यम बांध्याच्या स्त्रीत शेवटी शंभर सेंटिमीटरच्या जवळ येतो. आईच्या बांध्यावर तो इतका अवलंबून असतो की दोन स्त्रियांच्या घेराची तुलना निरर्थक ठरते. पोट टोकदार की पसरट, वर की खाली, यावरून मुलगा-मुलगी सांगणारे ठोकताळे तर निव्वळ करमणूक आहेत. पहिलटकरणीचे स्नायू घट्ट असतात म्हणून पोट वर दिसते, इतकाच त्याचा अर्थ. सोनोग्राफीत लिंग विचारणे आणि सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, उज्जैनमध्येही आणि पणजीतही.

दोन तपासण्यांच्या मधले दिवस

फीत दोन-चार आठवड्यांतून एकदा लागते. बाळाची हालचाल रोज कळते. प्रत्येक बाळाची हालचालीची एक लय असते आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर आईला ती ओळखता येते. शेवटच्या दिवसांत जागा कमी पडते म्हणून हालचाल थांबते, हा समज चुकीचा आहे. तिची तऱ्हा बदलते, थांबत नाही. नेहमीपेक्षा हालचाल स्पष्टपणे कमी वाटली, तर डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष द्यावे. दोन तासांत दहा वेळा जाणवली नाही, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे. गोड खाऊन बाळाला ‘जागे’ करण्यात वेळ घालवू नये. रक्तस्राव, पाणी जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, यांपैकी काहीही दिसले तर फितीचा आकडा कितीही चांगला असला, तरी थांबायचे नाही.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती सोय उज्जैनच्या ग्रामीण भागात आहे आणि गोव्यातही. गरोदर स्त्री माहेरी जाताना, कामासाठी स्थलांतर करताना किंवा यात्रेला निघताना तीन गोष्टी पिशवीत हव्यात: माता व बाल संरक्षण कार्ड, पहिल्या सोनोग्राफीचा कागद, आणि शेवटच्या पाळीची तारीख. तारीख इंग्रजी महिन्यात, आकड्यांत लिहिलेली असावी. नव्या ठिकाणी माप घेतल्यावर आकडा कार्डावर नोंदवला गेला का, आणि तो मागच्या आकड्यापेक्षा किती वाढला, हे दोन प्रश्न स्त्रीने किंवा सोबतच्या माणसाने त्याच वेळी विचारावेत.